दारू : कधीच नाही

आमच्या प्रयोगशाळेत तिला सगळे पापुद्राताई म्हणतात. मेंदूचा मेणात बसवलेला तुकडा यंत्रात अडकवून ती त्याचे इतके पातळ काप काढते, की त्यापुढे डोक्यावरचा केस दोरखंड वाटावा. काप निघताना ती श्वास रोखते, कारण नाकातून आलेला वाराही तो उडवून नेतो. मग ओल्या कुंचल्याच्या टोकाने तो उचलायचा, कोमट पाण्यावर सोडायचा आणि सुरकुती मोडली की काचपट्टीवर घ्यायचा. एकोणीस वर्षं ती हेच करते आहे. नव्याने आलेल्यांना वाटतं, त्यात काय, चाक तर फिरवायचं. त्यांना मी एक आठवडा देतो. आठवड्याने ते गुमान तिच्या शेजारी स्टूल ओढून बसतात.

मी तिथला कारकून, फॉर्मकाका. आमच्या डॉक्टरबाई शोधतात ते एवढंच, की दारूने मेंदूचं काय वाटोळं होतं, डिमेन्शियाने काय होतं, आणि दोन्ही एकमेकांत कुठे मिसळतात. वरून दोन्ही प्रकारची माणसं सारखीच दिसतात, कारण दोघांनाही सकाळचं संध्याकाळी आठवत नाही. पण दारूने होणारं काही नुकसान वेळेत उपचार केले तर थांबतं. त्यामुळे हा फरक जिवंतपणी ओळखता आला तर कुणाचं तरी भलं होईल, असं बाई म्हणतात. त्यासाठी लोक मरताना मेंदू देऊन जातात, आणि मी त्यांच्या घरी जाऊन फॉर्म भरतो.

फॉर्मचा सातवा रकाना दारूचा. तिथे सगळी घरं खोटं बोलतात. मधुमेह सांगतील, मूळव्याध सांगतील, सासूशी किती वर्षं बोलत नव्हते तेही सांगतील. पण सातव्याशी आलं की ‘छे हो’, नाहीतर ‘चारचौघांत बसले तर घोटभर’. म्हणून मी तोच प्रश्न तीन वाटांनी विचारतो. घोटभरवाल्यांना जरा वेळाने विचारायचं, घरातल्या रिकाम्या बाटल्या कोण टाकून यायचं? ‘मीच की,’ बायको म्हणते, आणि मग जीभ चावते. ही माझी कला. पापुद्राताईच्या कलेपुढे ती काही नाही, पण पोटापुरती आहे.

चार वर्षांपूर्वी तिचे वडील गेले, तेव्हा मेंदू द्यायचं तिनेच ठरवलं. दुसऱ्यांच्या बापांचे काप काढते, माझ्याच बापाला काय सोनं लागलंय, असं म्हणाली. फक्त तो आपल्या टेबलावर येऊ नये एवढीच तिची विनंती होती. डॉक्टरबाईंनी ते काम दुसऱ्या माणसाकडे दिलं. फॉर्म भरायला मी तिच्या घरी गेलो. आई खुर्चीत ताठ बसली होती, लेक शेजारी. सातवा रकाना आला. ‘कधीच नाही,’ आई म्हणाली. लेक टेबलाची कड नखाने खरवडत राहिली. मी ‘कधीच नाही’ लिहिलं आणि आठव्यावर गेलो. दुसरी वाट नाही, तिसरी वाट नाही. रोज एकत्र डबा खाणाऱ्या बाईच्या आईला असले प्रश्न कसे विचारायचे? भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही.

यंदा डॉक्टरबाईंचा शोधनिबंध तयार झाला. पाठवण्याआधी त्यांनी आम्हा सगळ्यांना बसवून समजावून सांगितला. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढ्या दोन गाठी असतात, आठवण पुढे सरकवण्याचं काम करणाऱ्या. पिणाऱ्यांच्या गटात त्या आक्रसलेल्या निघाल्या. न पिणाऱ्यांच्या गटात बहुतेक शाबूत. घोळ एकाच मेंदूने घातला होता. न पिणाऱ्याचा, पण गाठी पार वाळलेल्या, सगळ्या पिणाऱ्यांपेक्षा जास्त. गटात माणसंच अठरा, त्यात एकानेही पारडं हलतं. म्हणून बाईंनी नाइलाजाने लिहिलं होतं, की या गाठींवरून दारूचं नुकसान ओळखता येईल असं खात्रीने म्हणता येत नाही.

मग त्यांनी त्या माणसाची ओळ वाचली. वय एकाहत्तर, व्यवसाय पाट्या रंगवणे, निर्व्यसनी.

आमच्या कपाटातल्या सगळ्या फॉर्मांत पाट्या रंगवणारा एकच होता, ताईचे वडील. मी पापुद्राताईकडे पाहिलं. ती चष्मा पुसत होती. पुसून झाला, तिने तो घातला आणि पुन्हा काढून पुसायला लागली.

सगळे उठल्यावर ती माझ्या टेबलाशी आली.

“फॉर्मकाका, सातवा रकाना दुरुस्त करायचाय.”

मला नियम माहीत, तिलाही माहीत. ज्याने सही केली त्यानेच बदलायचं. कर्मचाऱ्याने आपल्या माणसाबद्दल काहीही सांगितलं तरी ते धरत नाहीत. म्हणजे आईची सही हवी, आणि निबंध महिन्याअखेर जाणार होता. मी सोपा मार्ग सुचवला. बाईंच्या कानावर हळूच घालू, त्या तो मेंदू यादीतून गाळून टाकतील. आईलाही त्रास नको.

“गाळायचा नाही,” ती म्हणाली. “त्यांच्या जागी ठेवायचा, पिणाऱ्यांत. चार वर्षं परक्यांच्या रांगेत उभं केलंय मी त्यांना.”

तिच्या आईकडे चालत जाताना तिने मला वडिलांबद्दल सांगितलं. घरात टर्पेंटाइनच्या बाटल्यांमध्ये एक बाटली वेगळी असायची. तिला ‘औषध’ म्हणायचे, लहानांपासून थोरांपर्यंत. औषध घेतलं की हात थरथरायचा थांबायचा आणि अक्षर सरळ यायचं. पाटीवरचं अक्षर सरळ आलं म्हणजे घरात सगळं ठीक. शेवटची सहा वर्षं ते खुर्चीतून उठतही नव्हते, पण जेवताना सांगायचे, आज सकाळी स्टेशनची मोठी पाटी पुरी केली, शिडी डगमगत होती. ती चिडायची. थापा मारू नका म्हणायची, लेकरांसमोर त्यांना उघडं पाडायची. पुढे कामावरच तिला कळलं, की असा मेंदू रिकामी राहिलेली जागा आपणच भरून काढतो आणि माणसाला ते खरंच वाटतं.

“म्हणजे घरात खोटं न बोलणारे तेवढे एकटेच होते,” ती म्हणाली. तिचा आवाज अजिबात हलला नाही.

पहिल्या रविवारी आईने चहा केला आणि तासभर गुडघ्यांवर बोलली. विषय निघाला की किटली उचलून आत जायची. दुसऱ्या रविवारी तिने तोंड उघडलं. चाळीस वर्षं झाकलेलं मेल्यावर उघडं करायचं? नवऱ्याची लक्तरं वेशीवर टांगायला पोटची पोर निघाली? लेकीने समजावलं, की तिथे नाव नसतं, नुसता नंबर असतो.

“नंबरालाही बायको असते,” आई म्हणाली.

खरं सांगतो, मनातून मी आईच्या बाजूचा होतो. परतताना मी ताईला तसं म्हटलंही, जाऊ दे, विज्ञान एका मेंदूवाचून अडत नाही. तिने मला असं काही झापलं, की दोन दिवस मी तिच्याशेजारी डबा उघडला नाही. दारू सोडवणाऱ्या डॉक्टरांना उद्या कुणी सांगितलं, की त्या गाठी बघू नका, त्यांना काही अर्थ नाही, तर ते माझ्या घरामुळे, असं ती म्हणाली. आणि मी म्हणे सोयीने मऊ होतो, ज्याच्या घरी जाईन त्याच्या बाजूचा.

तिसऱ्या रविवारी मी तरीही गेलो. दुसऱ्या दिवशी निबंध जाणार होता. ताईने बसल्याबसल्या सांगून टाकलं, की आज ती विनवणी करायला आलेली नाही. एक गोष्ट आईला माहीत नाही, ती सांगायला आली आहे. ताईला ती कामावर कळून आठ वर्षं झाली होती. आईच्या जिवाला लागेल म्हणून ती गप्प बसली होती.

वडिलांचा तोल जायला लागला, डोळे भिरभिरायला लागले, ते काहीबाही बरळायला लागले, तेव्हा त्यांना दवाखान्यात नेलं होतं. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, पितात का? आई म्हणाली, कधीच नाही. पिणाऱ्या माणसाचं असं झालं की आधी एका जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात, भरपूर आणि ताबडतोब. ती मिळाली नाहीत तर त्याच दोन गाठी वाळतात. पिणाराच नाही म्हटल्यावर त्या डॉक्टरला ती सुचली नाहीत. वयाचा परिणाम, असं लिहून त्याने घरी पाठवलं.

ताई हे सगळं एका सुरात बोलली, काप काढताना बसते तशी पाठ सरळ ठेवून. आईने चष्मा काढून हातात धरला. मला उठून जावंसं वाटत होतं.

“ते बरे झाले असते?”

“माहीत नाही, आई. काही जण सावरतात, काही नाही सावरत. पण त्यानं प्रयत्न केला असता.”

आई उठली आणि आत गेली. मला वाटलं, संपलं. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा. ती तोंड धुऊन, केस नीट करून, चष्मा लावून बाहेर आली आणि माझ्यासमोर बसली.

“काढा फॉर्म.”

मी सातव्या रकान्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, किती वर्षं. लेक म्हणाली, वीसेक तरी. आईने नकाराची मान हलवली.

“एकतीस. हिच्या जन्माआधीपासून, दवाखान्यात नेलं तोपर्यंत. आधी आठवड्याला एक बाटली, मग दोन दिवसांना, मग रोज. शेवटी शेवटी जेवण नाहीच, नुसती तीच. जेवण नव्हतं हेही लिहा, तुम्हाला लागत असेल तर.”

मी म्हटलं, लागतं. तिने वर्षं सांगितली, मापं सांगितली, कुठल्या साली हात थरथरायला लागला ते सांगितलं. मी इतकी वर्षं फॉर्म भरतो आहे, पण असा भरलेला रकाना पाहिला नव्हता. मी कागद सहीसाठी तिच्याकडे वळवला. तिने तो परत माझ्याकडे सरकवला.

“अजून एक लिहा. डॉक्टरनं विचारलं होतं. मी नाही म्हटलं.”

मी म्हणालो की असा रकाना फॉर्ममध्ये नाही.

“मग खाली लिहा.”

मी खाली लिहिलं : उपचारांच्या वेळी दारूबद्दल विचारणा झाली होती, पत्नीने नाही म्हटलं. आईने ते दोनदा वाचलं आणि सही केली. ती पेन खाली ठेवणार तेवढ्यात लेकीने ते तिच्या हातातून घेतलं.

“त्या दिवशी मी हिच्या शेजारी उभी होते, काका. पत्नीने आणि मुलीने, असं करा.”

आईने तिच्याकडे पाहिलं, पण तिला अडवलं नाही. मी ओळीत ‘आणि मुलीने’ घातलं. मुलीने त्याखाली सही केली.