चाचांच्या विहिरीतली हवा

रुबीना, बिलोलीच्या स्टँडवर मी नांदेडच्या गाडीत बसले, तेव्हा अब्बा खिडकीशी उभे होते. बाकीच्या पोरींचे बाप अभ्यासाचं सांगत होते. अब्बा एवढंच म्हणाले, "बेटा, जिथं हवा नसंल तिथं थांबू नको."

तू माझी धाकटी बहीण, तेव्हा फार लहान होतीस, म्हणून लिहिते. अब्बा आणि सलीमचाचा विहिरीतल्या मोटारी दुरुस्त करायचे. मी गाव सोडायच्या काही वर्षं आधी, एका दुपारी मी त्यांचा डबा घेऊन शेतावर गेले होते. विहीर बरेच महिने झाकून ठेवलेली. चाचा दोराने उतरले. खालून शांतपणे म्हणाले, "भाई, लई झोप येऊन राहिली." आणि भिंतीला टेकून बसले. धडपड नाही, ओरडणं नाही. अब्बा उतरायला धावले, तर शेतमालकाच्या बायकोनं त्यांचा सदरा मुठीत धरला. "भाऊ, आधी कंदील सोडा!" कंदील सोडला. वारा नव्हता, तरी अर्ध्यावर ज्योत बारीक झाली अन् विझली. खाली चाचा तसेच बसलेले, वर तोंड करून, मला बघत असल्यासारखे.

"मी उतरलो असतो तर..." हे अब्बांचं वाक्य घरात कधी पूर्ण झालं नाही.

नांदेडहून मी जर्मनीत आले. इथल्या लॅबमध्ये माझं काम आयनिक लिक्विडवर. म्हणजे क्षारच, पण खडा न होता पातळ राहणारा. उघडा ठेवला तरी उडत नाही, आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो. कारखान्यांच्या धुरातून तो वायू असा पकडायचा. पहिल्यांदा मी बाटली वजनकाट्यावर ठेवून वायू सोडला. आत काही पडताना दिसेना, पण आकडा चढत राहिला. द्रव काकवीसारखा दाट झाला. न दिसणारं कुणीतरी आत येऊन बसत होतं, आणि तेच त्या दुपारी विहिरीत चाचांपाशीही बसलं होतं. मी बाहेर येऊन कॉरिडॉरमध्ये खाली बसले.

अब्बांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "तुझं ते पाणी विहिरीत ओतलं तर?"

"तेवढं पुरणार नाही अब्बा. विहिरीत पंख्यानं हवा मारायची. अन् उतरायच्या आधी मोजायची."

गेल्या ईदला मी हवा मोजायचं यंत्र घेऊन गावी आले; हवा वाईट असली की ते ओरडतं. अब्बा मला त्याच विहिरीवर घेऊन गेले. फळ्या सरकवून यंत्र दोराला बांधून सोडलं. थोडं खाली जाताच विहिरीतून किंचाळल्यासारखा आवाज आला. वर ओढलं तरी ते काही वेळ ओरडतच होतं, जणू खालची हवा त्याला धरून वर आली होती. अब्बा काठावर बसले. खाली वाकून म्हणाले, "सलीम, मी उतरलो असतो तर दोघंबी गेलो असतो रे." मग रडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

आता कुठल्याही विहिरीत उतरायच्या आधी ते मला फोन लावतात. तिथं दुपार, इथं सकाळ. फोन विहिरीच्या तोंडाशी धरतात आणि यंत्र खाली सोडतात. मी कॉफी तशीच ठेवून ऐकत राहते. दोर घासतो, दूर एखादी म्हैस ओरडते, पण यंत्र गप्प राहतं. सहकारी विचारतात, घरची आठवण येते का? काय सांगू? माझं घर म्हणजे आता ती काही मिनिटांची शांतता, आणि तिच्या शेवटी अब्बांचं, "हाय बेटा, हवा हाय."