अण्णाच्या पाच कुंड्या

फोन आला तेव्हा मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात परत आलेल्या पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारत होतो. कुंडलहून पुतण्या बोलत होता. "काका, अण्णा गेलं. सकाळी चहा घेतला, आन् बसल्या जागीच..." मी बरं म्हणालो. फोन ठेवल्यावर उरलेल्या पुस्तकांवर शिक्के मारले, शाईची डबी बंद केली आणि मग साताऱ्याच्या स्टँडवर गेलो. असं का केलं, ते सांगता येत नाही. पाच आठवडे होऊन गेले. अजून रडू आलेलं नाही.

अण्णा माझा थोरला भाऊ. वडील लवकर गेले, तेव्हा शाळा त्यानं सोडली आणि मला शिकवलं. ऊस आमचा आणि गुऱ्हाळही आमचं. ऐन हंगामात तो चुलवाणापाशी बसून चिपाडं आत सारायचा, आणि असे कितीतरी हंगाम त्यानं काढले. त्या धुरानं छाती धरली. गेल्या वर्षी दम फारच लागू लागला, तेव्हा डॉक्टर जवळ असावेत म्हणून मी त्याला साताऱ्याला माझ्या फ्लॅटवर आणलं. वहिनी शेताकडं पाहायला गावीच राहिल्या आणि महिन्याकाठी येऊन जाऊ लागल्या. मी एकटा माणूस. दिवसभर कामावर असायचो, आणि तो भिंतीकडं तोंड करून खाटेवर बसलेला असायचा. संध्याकाळी आलो तरी तसाच. जेवलास का विचारलं तर मान हलवायचा. मला वाटू लागलं, याची छाती पुरेल, पण हा माणूस त्याआधीच संपेल.

मला सगळ्या गोष्टींवर उपाय वाचूनच सुचतात. घरात झाडं ठेवली की हवा शुद्ध होते, मन प्रसन्न राहतं, असं कुठंतरी वाचलं होतं. म्हणून रोपवाटिकेतून पाच कुंड्या आणल्या. दोन मनी प्लांट, एक स्नेक प्लांट, एक कोरफड आणि एक रुंद पानांचं झाड, त्याचं नाव मला अजून माहीत नाही. अण्णा बघत राहिला.

"घरात झाडं लावायची?" तो म्हणाला. "मग बाहेर काय, माणसं लावायची व्हय रं?"

कितीतरी दिवसांनी तो बोलला होता.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं पाणी घालायला सुरुवात केली. उसाला पाजतात तसं. सरी तुडुंब भरल्याशिवाय पाणी पोचलं असं न मानणारा माणूस तो. कुंडी काठोकाठ भरायची, खालच्या ताटलीतून पाणी फरशीवर यायचं, आणि तो समाधानानं म्हणायचा, "आता पोचलं." मी त्याला अडवलं नाही. शेती त्याला कळते, मला नाही, असं आयुष्यभर मानत आलो होतो. पंधरा दिवसांत कोरफड बुडाशी मऊ पडली, मातीवर पांढरी बुरशी धरली, खोलीला कुबट वास येऊ लागला आणि अण्णाचा खोकला वाढला. मी घाबरलो. एका दुपारी तो झोपला असताना सगळ्या कुंड्या उचलून गच्चीवर ठेवून आलो.

त्यानंतर दोन दिवस तो पुन्हा भिंतीकडं बघत बसला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "चूक माजी हुती. झाडांस्नी का घालवलंस?"

मी डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, "चार-पाच कुंड्यांनी खोलीतली हवा फारशी बदलत नाही, त्यासाठी खिडकी उघडी ठेवा. बुरशी मात्र त्यांच्या छातीला वाईट. पण झाडांसाठी ते उठतात ना? मग झाडं राहू द्या. पाणी कमी करा." वरची माती बदलून कुंड्या घरात आणल्या, आणि कुठली कुठं ठेवायची ते अण्णानं ठरवलं. कोरफड गेली होती, दुसरी आणली. मातीत बोट घालून कोरडं लागलं तरच पाणी, असं ठरलं. अण्णा हसला. "लय उपाशी ठेवाय लागतं की यांस्नी." पाण्याचं काम कमी झालं, तसा तो पानं पुसू लागला. ओल्या फडक्यानं, एकेक पान तळहातावर घेऊन. रोज सकाळी खाटेपासून बाल्कनीपर्यंत या कुंडीकडून त्या कुंडीकडं जायचा. गावाकडच्या गोष्टी सांगायचा, मला टोमणे मारायचा. ग्रंथालयात मी सांगत असे, झाडांनी माझा भाऊ सुधारला.

दिवाळीला तो कुंडलला गेला, तो तिकडंच राहिला. त्याचं तेरावं झाल्यावर कपडे न्यायला वहिनी माझ्याबरोबर साताऱ्याला आल्या. मी गावी होतो तितके दिवस शेजाऱ्यांनी कुंड्यांना जागच्या जागी पाणी घातलं होतं. न्हाणीकडं जाणाऱ्या बोळात एक मनी प्लांट आहे, तिपाईवर. तिथं ऊन येत नाही. वेल पिवळी पडली होती. अण्णा असताना मी ती कुंडी दोनदा उजेडात नेली होती आणि त्यानं दोन्ही वेळा परत तिथंच आणून ठेवली होती. आता ती उचलली, तर वहिनी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या भावजी."

"इथं जगणार नाही ती."

"झाडासाटी न्हाई ठेवली त्यांनी. खाटंवरनं न्हाणीपतोर एका दमात जाता येत न्हवतं त्यास्नी. भिंत धरून हुबं ऱ्हायलं, तर तुमी इचारणार, काय हुतंय. पानं पुसत हुबं ऱ्हायलं तर कोन इचारतंय?" मग थोडं थांबून म्हणाल्या, "तुमास्नी सांगू नगं म्हनलं हुतं. घाबरतोय म्हनलं, धाकटा हाय."

मी कुंडी परत तिपाईवर ठेवली. मग खाटेपासून निघालो आणि बाकीच्या चार कुंड्यांपर्यंत चालून पाहिलं. दारापाशी एक, टेबलाजवळ एक, खिडकीखाली एक, बाल्कनीच्या उंबऱ्यावर एक. कुठंही आठ-नऊ पावलांच्या वर अंतर नव्हतं. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

वहिनी कुंडलला परत गेल्या. कुंड्या घेऊन जा म्हटलं, तर नको म्हणाल्या. मी त्या हलवलेल्या नाहीत. मला दम लागत नाही. तरी सकाळी न्हाणीकडं जाताना बोळात पाय थांबतात. पानावर पुसण्याइतकी धूळ नसते. एक पान तळहातावर घेतो, श्वास आत जातो, बाहेर येतो, आणि मग पुढं जातो.