बर्फ न साचणारा फ्रीजर

धाकटी काय करते असं कुणी विचारलं, की तिचे बाबा म्हणायचे, "बर्फावर काम करते." ऐकणाऱ्याला वाटे, बर्फाचा कारखाना असेल. मग बाबा घाईघाईने पुढचं सांगत: पृथ्वीच्या पार टोकाला हजारो वर्षांपूर्वीचा बर्फ आहे, त्यात अडकलेले आणि तरीही जिवंत राहिलेले सूक्ष्म जीव ती शोधते. समोरचा "अच्छा" म्हणे आणि थोरल्याची चौकशी सुरू करी. थोरला बँकेत होता. बँक सगळ्यांना कळते.

आईची तऱ्हा निराळी. तिने पाणी उकळून, फळं तीनतीनदा धुऊन आणि दारांच्या कड्यासुद्धा पुसून दोन मुलं वाढवली होती. "मी जन्मभर जंतू घराबाहेर काढले, आणि ही पगार घेऊन त्यांना शोधत फिरते," असं ती म्हणे. सूर तक्रारीचा असे. पण प्रत्येक पाहुण्याला न चुकता सांगे, म्हणजे त्यात थोडा तोराही असावा.

लहानपणी धाकटीला दादा गोगलगाय म्हणायचा. जेवायला सगळ्यांच्या आधी बसून सगळ्यांच्या नंतर उठणारी, बुटाची नाडी बांधता बांधता बाहेर काहीतरी बघत राहणारी मुलगी. डॉक्टर व्हायचं होतं, पण परीक्षेत शेवटची दोन पानं सोडवायची राहिली आणि तेवढ्या गुणांनी ते दार बंद झालं. मग सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं, थोडं मन मारूनच.

दुसऱ्या वर्षी बाई शिकवायला आल्या. ठेंगण्या, चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधत हिंडणाऱ्या. त्यांनी वर्गात एक चपटी काचेची डबी फिरवली. तळाशी जंतूंचं खाद्य थिजवलेलं, त्यावर मोहरीपेक्षाही बारीक चार पिवळे ठिपके. बाई म्हणाल्या, ध्रुवावरच्या बर्फाचं पाणी या डबीत घालून थंड जागी ठेवलं होतं. दोन आठवडे काही उगवलं नाही, म्हणून बरोबरच्या सगळ्यांनी आपापल्या डब्या फेकून दिल्या. ही एक पाच महिने राहिली.

"यांना घाई नाही," बाई म्हणाल्या. "घाई आपल्याला असते."

जन्मभर "आटप लवकर" ऐकत आलेल्या धाकटीला पहिल्यांदाच वाटलं, की आपली बाजू घेणारं कुणीतरी आहे. त्या चार ठिपक्यांमागे ती गेली ती गेलीच.

बाईंची प्रयोगशाळा एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. बर्फ कापायची थंड खोली मात्र तळघरात, अंधाऱ्या बोळाच्या टोकाला. जाडजूड दार, आत उणे वीसची थंडी. एकट्याने आत जायचं नाही असा नियम. दुसऱ्या कुणीतरी बाहेर घड्याळ बघत उभं राहायचं. आत शाई गोठते म्हणून पेन्सिल वापरायची. पापण्या चिकटायच्या, कोटाच्या बाह्या पत्र्यासारख्या कडक व्हायच्या, आणि नाकाला कसलाच वास यायचा नाही, अगदी कसलाच नाही. पहिल्या दिवशी धाकटी बाहेर आली तेव्हा बोटं इतकी आखडली होती की चहाचा कप जोडीदाराने तिच्या तोंडाला लावला. हा जोडीदार शेजारच्या टेबलावर काम करायचा. पुढे कितीतरी वर्षं त्या दाराबाहेर तोच उभा राहिला, आणि दर वेळी "गारठून मेलीस तर तुझी खुर्ची मला" असं बजावून आत सोडायचा.

ध्रुवावर जाणाऱ्या मोहिमेला तिची निवड झाली ती तिसऱ्या खेपेला. तोवर लग्न झालं होतं. नवरा शाळेत गणित शिकवायचा. म्हणाला, जा, इथलं मी बघतो, आणि त्याने खरंच बघितलं. आईला मात्र चैन पडेना. तिथे दवाखाना आहे का, दुकान आहे का, रात्री कुणी पहाऱ्याला असतं का, असले प्रश्न तिने जावयापासून संस्थेच्या शिपायापर्यंत सगळ्यांना विचारून घेतले. आठवड्यातून एकदा तिथून फोन लागे. आवाज येई न येई तेवढ्यात आई बाकीचं सगळं विसरून एवढंच विचारी, "पाय कोरडे आहेत ना गं?"

कोरडे होते. बाकी हाल म्हणावे तर होतेच: जहाजावर पोटात पाणी ठरत नव्हतं, तंबूत केस धुवायची सोय नव्हती. पण खोलवर गेलेल्या पोकळ ड्रिलमधून बर्फाचा लांबलचक दंडगोल पन्हळीत घसरून यायचा, तेव्हा सगळी माणसं आपोआप गप्प व्हायची. त्या बर्फात जुनी हवा कोंडलेली असते. ती सुटताना बारीक तडतड होते. आपल्या कुणाच्याही आधीची हवा. धाकटी कान लावून ऐकत बसे, आणि आपल्याला इथवर आणून सोडणाऱ्या एकेकाचा चेहरा तिला आठवे.

त्या बर्फाचे मूठभर तुकडे तिच्या वाट्याला आले. ते प्रयोगशाळेत पोचले त्याच दिवशी बाईंनी आपल्या पद्धतीप्रमाणे एक काम करायला लावलं. एक निरुपद्रवी जंतू असतो, तो वाढला की लालभडक दिसतो. त्याचं पाणी प्रत्येक तुकड्याला बाहेरून चोपडायचं. बर्फ कापताना बाहेरचा थर खरवडून टाकतात आणि फक्त गाभ्याचं पाणी तपासतात. गाभ्यात लाल उगवलं, तर बाहेरचं आत शिरलं हे उघड होतं. मग त्या तुकड्यात काहीही सापडो, त्यावर विश्वास ठेवायचा नाही.

हे ऐकून आईने डोक्याला हात लावला. "म्हणजे धुवायच्या आधी मुद्दाम घाण करायची?"

"हो."

"आणि याचे पैसे देतात तुम्हाला?"

इतर प्रयोगशाळांतही हा लाल वापरत, पण बर्फ कापायच्या दिवशी. बाई तो पहिल्याच दिवशी लावायच्या, त्यावरून लोक त्यांना हसत. पहारेकरी चोरी व्हायच्या आधी बसवायचा असतो, एवढंच त्या म्हणत आणि चष्मा शोधू लागत.

पहिल्या दोन तुकड्यांनी चांगला कौल दिला. लाल आलं नाही, आणि काही महिन्यांनी बारीक ठिपके दिसले. पण दोन तुकड्यांवर जग विश्वास ठेवत नाही. उरलेल्या तुकड्यांतून तेच पुन्हा दाखवायचं होतं. वर्षअखेर कामाची तपासणी करणारी समिती यायची होती, आणि धाकटीची नोकरी पुढे चालायची की नाही हे त्यावरच ठरणार होतं.

थंड खोली अधूनमधून बंद करून धुतली जाई, म्हणून तुकडे एका जुन्या आडव्या फ्रीजरमध्ये असत. त्याच्या भिंतींवर बोटबोट बर्फ साचायचा, झाकण बसेनासं व्हायचं, आणि तो खरवडता खरवडता धाकटीच्या नाकी नऊ यायचे. एकदा वैतागून ती संस्थेचं सामान पुरवणाऱ्या भांडारवाल्या काकांकडे गेली. "काका, ज्यात बर्फ साचतच नाही असा एखादा मिळवून द्या हो."

काका भला माणूस. चार टेबलांवर जाऊन, साहेबांच्या मागे लागून त्यांनी खरंच तसा आणवला. उभा, चकचकीत, दाराला दिवा. धाकटीने त्यांना स्वतःच्या हाताने चहा नेऊन दिला आणि तुकडे नव्या फ्रीजरमध्ये हलवले. सगळ्यात जाड तुकडा खाली, मागच्या कोपऱ्यात.

दोनेक महिन्यांनी, पुढचा तुकडा कापायचा म्हणून तिने एक पिशवी बाहेर काढली. करवतीने कापलेल्या बर्फाचा कोपरा धारदार असतो, बोटाला लागतो. हा लागला नाही. वापरलेल्या साबणाच्या वडीसारखा गोल झाला होता. दुसरी पिशवी काढली. तोही गोल. पिशवीच्या आतून काचेसारखा पातळ थर धरलेला. दार उघडं राहिलं म्हणून फ्रीजर टुंटुं करू लागला, आणि ती तशीच उभी राहिली.

ज्यात बर्फ साचत नाही, तो फ्रीजर करतो काय? दिवसातून काही वेळा स्वतःच थोडासा गरम होतो आणि साचलेलं वितळवून टाकतो. घरच्या मटाराला त्याने काही होत नाही. हिचा बर्फ मात्र रोज थोडा थोडा पाघळत होता आणि पुन्हा गोठत होता, आणि ते पाणी बाहेरची घाण घेऊन बारीक तड्यांतून आत मुरत होतं. शेतात नांगर धरणाराही करणार नाही अशी ही चूक. बर्फावर जिचं पोट, तिनेच तोंडाने मागून बर्फ वितळवणारं यंत्र प्रयोगशाळेत आणलं होतं.

जोडीदाराला हाक मारून तिने तुकडे आधी थंड खोलीत नेले. मग जिन्यात थांबली. बाहेरचा थर नाहीतरी खरवडायचाच असतो. गोल कोपरे तिच्याशिवाय कुणी पाहिले नव्हते. हा विचार मनात आला, आणि तो आला याचीच तिला इतकी भीती वाटली की ती भराभर जिना चढून बाईंच्या खोलीत शिरली आणि उभ्याउभ्या सगळं सांगून मोकळी झाली.

बाईंनी कोपरे किती गोल झालेत ते विचारलं. तिने अंगठ्याच्या नखावर दाखवलं.

"रडायचं असेल तर आता रडून घे," त्या म्हणाल्या. "उद्यापासून लाल बघू. तो पहिल्या दिवसापासून तिथे आहे. जे काही आत गेलं असेल, त्याच्याबरोबर तोही गेला असेल."

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. आईला सांगायचं नव्हतं, पण फोनवरच्या "बरी आहे मी"वरूनच आईने ओळखलं आणि दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन दारात हजर झाली. काही समजून घ्यायच्या फंदात ती पडली नाही. स्वयंपाक हातात घेतला, पडदे धुतले, जावयाच्या शर्टांना बटणं लावली. आणि धाकटी संध्याकाळी घरात पाऊल टाकते तोच, दवाखान्यातून अहवाल यायचा असावा तशी विचारायची, "लाल झालं का?"

झालं. पहिल्या तुकड्याच्या गाभ्यातून दोन दिवसांत डाळिंबाच्या दाण्यांसारखे ठिपके उठले. दुसऱ्यातूनही. मग तिसऱ्यातून. एकेक डबी उजेडात धरायची आणि बाजूला ठेवायची, एवढंच काम उरलं. भांडारवाले काका बोळात दिसले की मान खाली घालून वळायचे. सगळ्या इमारतीला गोष्ट कळली होती. पण "तिनेच मागितला होता" हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी, कुणाजवळ गेलं नाही. जोडीदाराकडून तिला हे कळलं, तेव्हा ती पहिल्यांदा खरी रडली.

शेवटी खालच्या कोपऱ्यातला जाड तुकडा राहिला. तो कापायला तिचा हात उचलेना. न कापता ठेवला, तर निदान आशा तरी राहील, असं ती बाईंना म्हणाली.

"आशा फ्रीजरमध्ये ठेवून मी काय करू?" बाई म्हणाल्या. "काप."

तिने कापला. बाहेर जोडीदार घड्याळ बघत होता, आणि त्या दिवशी त्याने खुर्चीवरून थट्टा केली नाही. दोन दिवस गेले, लाल नाही. आणखी दोन गेले, तरी नाही. मागच्या कोपऱ्यात थंडी टिकून राहिली असावी, जाडीनेही सांभाळलं असावं. गाभा स्वच्छ होता. आता त्याच पाण्याच्या दुसऱ्या डब्या थंड पेटीत गेल्या. त्यांत काही जिवंत आहे का, हे कळायला महिने लागणार होते, आणि समिती तर त्याआधीच येणार होती.

धाकटीने समितीपुढे सगळ्या लाल डब्या ओळीने मांडल्या आणि शेवटी ती एक कोरी. अध्यक्षांनी विचारलं, बाकीचे कुणामुळे गेले? तिने सांगितलं, मी मागितलेल्या फ्रीजरमुळे. कुणीतरी हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. त्या लाल डब्या त्यांनी बराच वेळ पाहिल्या आणि म्हणाले, ज्या माणसाला आपलं काय बिघडलं हे इतकं नेमकं दाखवता येतं, त्याला आणखी सहा महिने द्यायला हरकत नाही. त्यानंतर मात्र कोऱ्या डबीवर भागणार नाही.

ते महिने कसे गेले हे घरातल्यांनाच ठाऊक. आई आपल्या घरी परतली, तरी फोन रोज यायचा. प्रश्न बदलला होता. "आलं का काही?" "नाही अजून." "बरं." एवढंच. "मग आता दुसरं काहीतरी बघ" असं ती एकदाही म्हणाली नाही. काळजीने जी आई सात वेळा कुलूप ओढून बघते, तिला हे किती जड गेलं असेल, हे धाकटीला कळत होतं.

मुदत संपायला थोडेच दिवस राहिले असताना, एका साध्या सकाळी, तिने थंड पेटीतून डबी काढून दिव्यासमोर तिरपी धरली. कडेला एक पिवळसर कण. तिला वाटलं, धूळ असेल. भिंग लावलं. शेजारी आणखी दोन. दुसऱ्या डबीत पाच. तिने सगळ्यात आधी आईला फोन लावला.

एवढ्या सकाळी फोन म्हणताच आई घाबरली. "काय झालं? कोण पडलं?"

"कुणी नाही पडलं. आई, उगवले."

मग आईने विचारलं, ते जिवंत आहेत ना, नक्की? धाकटी म्हणाली, आहेत, वाढतायत.

"इतकी वर्षं उपाशी होते गं बिचारे," आई म्हणाली. "त्यांना खायला काही घातलंस की नाही?"

"घातलंय, आई."

"मग घालत राहा. आणि तूही खाऊन घे."

धाकटीने डोळे पुसले, डबी पेटीत ठेवली, झाकण नीट बसल्याची खात्री केली. मग जिना उतरून बोळातून भांडाराच्या दारात गेली, आणि काकांनी मान खाली घालायच्या आत त्यांना सांगितलं, "काका, एक वाचला. त्यात आहेत." काका खुर्चीतून उठले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

वर बाईंच्या खोलीचं दार उघडं होतं. ती जिना चढू लागली. कुणी घाई करत नव्हतं, तरी दोन-दोन पायऱ्या एकदम.