पुस्तकातलं उलटं देऊळ

परवा नातीच्या पुस्तकाचं फाटलेलं पान चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ शिजवली आणि त्या वासाने मला मध्यभारत राज्याच्या काळातला इंदूरचा माझा बालवर्ग आठवला. आकार शिकवायला चित्रांचं एकच पुस्तक होतं, खळ लावून लावून फुगलेलं. ते सतरंजीच्या मधोमध ठेवायचं, मुलांनी भोवती गोल बसायचं आणि मी बोट ठेवून सांगायचं, हा चौकोन, त्यावर हा त्रिकोण, झालं देऊळ. माझी नोकरी तेव्हा कच्ची होती. तपासणीला आलेल्या साहेबांच्या शेऱ्यावर ती पक्की व्हायची होती. तपासणीच्या दिवशी त्यांनी, पुस्तकापलीकडे रोज माझ्या समोर बसणाऱ्या मुलीला पाटीवर देऊळ काढायला सांगितलं. तिने त्रिकोण खाली काढला, टोक जमिनीकडे, आणि चौकोन वर. साहेब हसले, "बेटी, मंदिर उलटा क्यों?" ती ठामपणे म्हणाली, "पुस्तकात तर असंच आहे ना, साहेबजी," आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. साहेब तिच्यामागे जाऊन वाकले, पुस्तकाकडे बघत राहिले, मग मला म्हणाले, "बाईजी, आप भी यहाँ से देखिए." वर्षभरात पहिल्यांदाच मी त्या बाजूला बसले. नोकरी पुढे पक्की झाली. देऊळ मात्र तिथून खरंच उलटं होतं. परवा पान वाळल्यावर नातीने पुस्तक आम्हा दोघींच्या मध्ये ठेवलं, तशी मी गुडघ्यावर हात टेकून उठले आणि तिच्या शेजारी जाऊन बसले.