ताईंचे सात चिमटे

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या ताईंइतकं ताठ बसणारं माणूस अख्ख्या दुबईत सापडणार नाही, हे मी पैजेवर सांगते. इंटरनॅशनल सिटीतून आम्ही दोघी रोज माझ्या गाडीने ऑफिसला जातो. शेजारच्या सीटवर त्या अशा बसतात, की सिग्नलला बाजूचे लोक मला त्यांची ड्रायव्हरच समजत असणार. मागे बघायचं तर नुसती मान वळवून भागत नाही, अख्ख्या ताई वळतात. नव्या माणसाला वाटतं, बाई भलतीच शिष्ट. कारण एवढंच, की चौदाव्या वर्षी त्यांचा वाकडा होत चाललेला कणा ऑपरेशन करून सरळ केला, आणि तेव्हा पाठीत बसवलेल्या दोन सळया आज सव्वीस वर्षं तिथंच आहेत.

खाली पडलेलं उचलायला ताईंकडे लांब दांड्याचे सात चिमटे आहेत. पलंगाशी एक, ओट्यापाशी एक, पर्समध्ये घडीचा एक. लिफ्टमध्ये एका म्हाताऱ्या पठाणाची किल्ली पडली, तर तो वाकायच्या आत ताईंनी ती उचलून दिली. "चाचा, आप रहने दो, मशीन है ना." लग्नाचा विषय मी एकदाच काढला. "बघायला आलेल्यांना आई कौतुकाने माझे एक्स-रे दाखवायची," त्या म्हणाल्या. "खलास."

आई साताऱ्याला. दर रविवारी व्हिडिओ कॉल, आणि पहिला प्रश्न, "पाठ दुखते का गं?" ताई म्हणतात, "अजिबात नाही." हे साफ खोटं. सळया शाबूत आहेत, पण त्यांच्या खालचे मणके इतकी वर्षं वाकायचं सगळं काम एकटेच करून झिजलेत, असं अबुधाबीच्या डॉक्टरांनी सांगितलंय. मग आईंना सांगत का नाही, असं मी विचारलं. "ऑपरेशनला सगळे नको म्हणत होते गं. पोरगी लुळी पडेल म्हणायचे. आईने एकटीने सही केली. आता तिला काय सांगू?"

गेल्या डिसेंबरात आई पंधरा दिवस राहायला आल्या. आदल्या दिवशी ताईंनी सातही चिमटे, कमरेचा पट्टा आणि उंच स्टूल आमच्याकडे आणून टाकलं. "मम्मा, व्हाय डू वी नीड सो मेनी चिमटे?" माझ्या लेकीने विचारलं. पंधरा दिवस ताई हसत हसत खालच्या कपाटातून कुकर काढत होत्या, आणि दही मागायच्या निमित्ताने येऊन आमच्या हॉलमध्ये दहा मिनिटं उताण्या पडत होत्या. मग वाटी भरून घेऊन पुन्हा ताठ मानेने घरी. मला हसूही यायचं आणि त्यांचा रागही.

एअरपोर्टवर ताई नमस्काराला वाकायला लागल्या, तर आईंनी त्यांचा दंड धरला. "उभ्यानेच कर," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

परत आल्यावर मी चिमटे घेऊन त्यांच्याकडे गेले. ताई स्वयंपाकघरात नुसत्या उभ्या होत्या. खालची कपाटं रिकामी होती. कुकर, तवा, डाळ-तांदळाचे डबे, सगळं आईंनी ओट्यावर, कमरेच्या उंचीला मांडून ठेवलं होतं. सकाळी ताई अंघोळीला गेल्या असताना उरकलं असणार.

रविवारचा कॉल अजून तसाच होतो. "दुखते का गं?" "अजिबात नाही." "बरं," आई म्हणतात.

ओट्यावर आता पोळपाट ठेवायलाही धड जागा नाही. थोडे डबे खाली ठेवू का, मी परवा विचारलं.

"राहू दे," ताई म्हणाल्या. "दोनच तर पोळ्या लाटायच्या असतात मला."