न दुखणारा खांदा

आमच्या अभ्यासात बोलायला मनाई होती. असा नियम माझ्यासारख्या बडबड्या बाईनं करावा आणि वर तो स्वतः पाळायला बसावं, यावर माझ्या घरचे अजून हसतात.

खांद्यातल्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या, वर्षानुवर्षं दुखत राहतात तेव्हा आत नेमकं काय होतं, हा आमचा विषय. गोव्यात डिचोलीतल्या एका खोलीत मी सोनोग्राफी करायचे. ज्यांची शस्त्रक्रिया व्हायची त्यांच्या कंडरेचा बारीक तुकडा दुसरीकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जायचा. धडधाकट कंडरेचे तंतू विंचरलेल्या ओल्या केसांसारखे एका दिशेनं पडलेले असतात. जुन्या दुखण्यात त्यांचा काथ्या होतो.

मी दोन्ही खांदे तपासायचे, पण त्यांतला दुखतो कुठला हे मला कळता कामा नये. कळलं की डोळे तिथंच खोट शोधू लागतात. म्हणून शेजारच्या खोलीतली माझी सहकारी सगळी विचारपूस करून अर्ज भरायची आणि माणसाला आत सोडताना बजावायची, "खांद्याबद्दल एक शब्द नाही."

शब्द कुणी काढत नसे. वास यायचा. पेडण्याकडचा माणूस डॉक्टरकडे निघाला की घरातलं कुणीतरी दुखऱ्या जागेला तेल चोळूनच त्याला बसमध्ये बसवतं. निर्गुडीचा पाला आणि लसूण घालून कढवलेलं तेल, कितीही पुसा, जात नाही. पहिल्या काही जणांपुढे मी काही न समजल्याचं नाटक झकास वठवलं. मग लाज वाटली आणि सहकारिणीला खरं सांगितलं. ती पहिली चित्रं आम्ही बाद केली. उपायही मीच काढला. ज्याच्या एका खांद्याला तेल, त्याच्या दुसऱ्यालाही तेच लावायचं. बाटली बहुतेकांच्या पिशवीत असायचीच.

धारगळचा पाडेली आला तो यानंतर. पाडेली म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. हा पन्नाशी उलटलेला, काटक. बरोबर बायको, तिच्या हातात तेलाची रिकामी बाटली.

"दोन्ही खांद्यांक लावलंय, बाय," ती म्हणाली. "आता ब्रह्मदेवाकय कळूचा नाय."

दोघांत करार झाला होता आणि तो मला ऐकवल्याशिवाय तिला चैन नव्हतं. दोन वर्षं दुखणं चाललेलं. तिचं म्हणणं, आता चढणं पुरे. त्याचं म्हणणं, चढलो नाही तर करू काय. बसमध्ये ठरलं ते असं की चित्रात खांदा फाटलेला दिसला तर कोयता माळ्यावर जाणार, नाही दिसला तर तिनं पुन्हा तोंड उघडायचं नाही.

"खंयचो खांदो ता सांगू नको गो," तो म्हणाला.

"सांगलंय मी?"

मी दोन्ही खांदे पाहिले. उजवीकडची कंडरा सुजून जाड झालेली, जिथं नसतात तिथं बारीक रक्तवाहिन्या शिरलेल्या, पण अखंड. डावीकडची आरपार फाटलेली, टोक मागं ओढलं गेलेलं. दुखरा खांदा कुठला याचा माझा अंदाज मी कागदावर लिहिला. तो लिहून झाला की बोलायची मुभा होती, आणि तो क्षण मी कधी फुकट घालवला नाही. खुर्ची फिरवली, दम घेतला आणि जाहीर केलं, "डावा."

मग तो हसला.

"बाय, माका उजवो दुखता."

"आणि डावा?"

"कधीच नाय."

असं पाहण्याची माझी ही पहिली वेळ नव्हती. काही कंडरा गाजावाजा न करता फाटतात, आणि काही अखंड राहून माणसाचा जीव खातात. नव्या रक्तवाहिन्यांबरोबर नसांचे धागेही आत शिरतात, दुखणं बहुधा त्यांचं. उजवा खांदा व्यायामानं बरा होऊ शकेल, असं मी सांगितलं.

"म्हणजे उजवो फाटूक नाय," तो म्हणाला. "ऐकलंस मगो?"

"ऐकलंय."

"मग आता तोंड उघडूचा नाय."

ती उठून माझ्या लोखंडी कपाटाजवळ गेली, डाव्या हातानं त्याला मिठी मारली आणि उजवा हात वर करून हवेत कोयता चालवला.

"बाय, हे उजव्या हातान नारळ तोडतत. तेव्हा माड खंयच्या हातान धरतत?"

आमच्या अर्जात प्रश्न होता, काम कोणत्या हातानं करता. बहुतेकांनी उजवा सांगितलेला. धरता कोणत्या हातानं, हे आम्ही कुणालाच विचारलं नव्हतं. पुढच्या आठवड्यापासून तो प्रश्न अर्जात आला.

"धरूक पायय आसत मगो," तो म्हणाला, पण आवाज खाली आला होता. मला म्हणाला, "दाखवा बघया."

मी पडद्यावरची फट दाखवली. त्यानं तिच्यावर बोट ठेवलं.

"कधीची?"

"सांगता येत नाही."

"उद्या हात सुटात?"

"तेही सांगता येत नाही. फट आपोआप सांधली जात नाही, एवढं नक्की. वजन पडत राहिलं तर वाढू शकते. मी तुम्हाला चढा म्हणणार नाही."

त्यानं बोट मागं घेतलं. मग म्हणाला, "उद्या शेजाऱ्याचे पाडूचे आसत. शब्द दिलंय."

"तेका मी सांगतंय," बायको म्हणाली.

"तू कित्या? माका तोंड आसा."

त्यानं उघड्या अंगानंच खिशातला फोन काढला आणि तिथूनच लावला. पलीकडचा जोरजोरात बोलत होता.

"उद्या दुसरो कोणतरी बघ," हा म्हणाला. "उद्या नाय, पुढेय नाय. मी आता चढणंय नाय." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्यानं डावा खांदा एकदा फिरवून पाहिला. "नाय रे, दुखणा नाय," तो म्हणाला. "म्हणानच."