दोघांनीही न पाहिलेलं गाव

साठीच्या उंबरठ्यावर दुसरं लग्न केलं की फिरायला जाताना एक वेगळीच अडचण येते. कुठलंही नाव काढा, दोघांपैकी एकजण तिथे जाऊन आलेला असतो, आणि एकटा नव्हे. महाबळेश्वर म्हटलं की श्रीकांत पेपर उघडून बसतात, कारण तिथे ते वसुधाबरोबर गेले होते. हरिहरेश्वर म्हटलं की मी उगाच स्वयंपाकघरात काहीतरी शोधायला जाते, कारण तिथे मी विलासबरोबर गेले होते. वसुधा आणि विलास, दोघंही आता नाहीत. शेवटी मी नियमच केला. दोघांनीही न पाहिलेलं गाव गाठायचं, म्हणजे तिथलं सगळं आपल्या दोघांचं.

"इंदूर?" मी विचारलं.

"इंदूर पाहिलेलं नाही मी," श्रीकांत जरा थांबून म्हणाले. झालं, बॅगा भरल्या.

नाशिकहून आपली गाडी घेऊन पहाटे निघालात तर दुपारच्या उशिराच्या जेवणाला इंदूर येतं. रस्ता चांगला आहे. शिरपूरनंतर बिजासनचा घाट लागतो, तिथे ट्रकच्या मागे मुकाट्याने चालायचं, ओव्हरटेकची हौस पुरवायची नाही. पुढे खलघाटला नर्मदा लागली की गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं उतरा. आम्ही उतरलो. श्रीकांतांनी हात जोडले, मी फोटो काढला. डिसेंबरची थंडी होती, शाल वर ठेवलेली बरी.

राहिलो परदेशीपुऱ्याजवळ, एका मराठी घराच्या वरच्या खोलीत. हॉटेलच्या निम्म्यात काम झालं. घरमालकीण शैलाताई. त्यांचे आजेसासरे गिरणीच्या नोकरीसाठी इथे आले आणि इथलेच झाले. दारातच त्यांनी बजावलं, "काकू, पहिलेच सांगून देते, सकाळचा नाश्ता मी नाही बनवणार. इंदौरला येऊन घरचे पोहे खाणार का? कोपऱ्यावर जा, जलेबी संग घ्या, आणि जीरावन डलवून घ्या. काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. पोहे वाफेवर गरम ठेवलेले, वर शेव, कांदा, लिंबू आणि जीरावन नावाचा आंबट-तिखट मसाला. चहासकट दोघांचं पोट शंभराच्या आत भरतं. मी निम्मी प्लेट संपवली तरी श्रीकांत प्लेट नाकाशी धरून उभेच.

"वास घेऊन पोट भरणार आहे का?" मी म्हटलं. ते हसले आणि खाऊ लागले.

तो दिवस फार चांगला गेला. राजवाडा, नदीकाठच्या राजघराण्याच्या समाधी-छत्र्या, मग पाय दुखेपर्यंत बाजार. संध्याकाळी गराडू खाल्ला. हा एक कंद, तळून, वर मसाला मारून देतात, थंडीतच मिळतो. आम्ही दोघांनीही तो जन्मात खाल्ला नव्हता. तिखटाने श्रीकांतांच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी दुसरी प्लेट मागवली. मला मनापासून आनंद झाला. आमचं म्हणण्यासारखं पहिलं काहीतरी सापडलं होतं.

तिसऱ्या दिवशी खजरानाच्या गणपतीचं देऊळ. बुधवार टाळा, गर्दी फार असते. दर्शन घेऊन लोक प्रसादाकडे वळतात, श्रीकांत मात्र कुणाला न विचारता देवळाच्या मागच्या भिंतीकडे चालू लागले. तिथे नवस बोलणारे कुंकवाने उलटं स्वस्तिक काढतात. मागितलेलं मिळालं की परत येऊन सरळ स्वस्तिक काढायचं, असा रिवाज.

"तुम्हाला कसं ठाऊक?" मी विचारलं.

त्यांनी भिंतीकडे बघतच सांगितलं. वसुधाच्या आजारात डॉक्टरांनी आशा सोडली, तेव्हा कुणीतरी हा गणपती सुचवला. तिला घेऊन रात्रीच्या गाडीने आले, उलटं स्वस्तिक काढलं, त्याच दिवशी परत गेले. ती त्यातून उठली नाही. सरळ स्वस्तिक काढायला यायचं कारणच उरलं नाही. "इंदूर खरंच पाहिलं नव्हतं गं. ही भिंत तेवढी पाहिली होती."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. एवढं शोधून काढलेलं गाव, आणि तिथेही ती माझ्या आधी येऊन गेलेली. मी हारांच्या दुकानाशी जाऊन बसले. श्रीकांत भिंतीसमोर तसेच उभे, पाठ जरा वाकलेली. त्या पाठीकडे बघता बघता माझा राग ओसरला. मेलेल्या बाईशी कसली स्पर्धा करत होते मी? उठून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"वसुधाने काय पाहिलं इंदूरचं?" मी विचारलं.

"काहीच नाही. स्टेशनबाहेर मी पोहे घेतले. तिला काही जात नव्हतं. प्लेट नाकाशी धरून नुसता वास घेतला आणि म्हणाली, बरी झाले की येऊन खाईन."

आम्ही दोघांनी हात जोडले. स्वस्तिक काढलं नाही, उलटंही नाही आणि सरळही नाही.

निघायच्या सकाळी पुन्हा त्याच कोपऱ्यावर गेलो. मी तीन प्लेट सांगितल्या. श्रीकांतांनी माझ्याकडे पाहिलं आणि तिसरी प्लेट आमच्या मध्ये ठेवली. आधी आपापली संपवली, मग तिसरी अर्धी-अर्धी खाल्ली. शैलाताईंनी जीरावनची पुडी बांधून दिली, "घरच्या पोह्यांवर टाका, पण इंदौरवाली बात नाही येणार हं."

नाही आली. नाशिकला येऊन आठवडा झाला, दोनदा करून पाहिले. दुसऱ्यांदा केले तेव्हा श्रीकांत प्लेट घेऊन बसले होते, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हरिहरेश्वरला जायचं का?"

त्यांनी चमचा खाली ठेवला. माझा नियम त्यांना पाठ होता.

"तिथे सकाळी काय खायचं असतं?" त्यांनी विचारलं.

"घावणे," मी म्हटलं. "विलासना नारळाच्या रसाबरोबर लागायचे."

"मग आपणही तसेच खाऊ," ते म्हणाले.